फ्लोअरवर घडलेले संगीत

1982 साली मुंबईच्या चित्रपटसंगीतातले अनुभवी वादक चरणजीत सिंग यांनी एचएमव्हीसाठी दहा रागांची एक तबकडी केली. तिचे नाव होते 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. हाताशी रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-303 ही बेस वाजवणारी छोटी चंदेरी पेटी. वर भैरव, ललित किंवा मालकंसाचे स्वर, खाली 303 ची अखंड बेस आणि 808 चा न थकणारा ठोका. तबकडी निघाली, फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोच्या फ्यूचर या तिघांच्या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाजारात आली. तिच्यातही तीच चंदेरी पेटी होती. त्या एका रेकॉर्डमधून अ‍ॅसिड हाउस ही अख्खी शैली उभी राहिली आणि वर्षभरात इंग्लंडातली तरुण पिढी तिच्यावर नाचू लागली. चरणजीत सिंग यांची तबकडी मात्र 2010 मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा कुठे जगाला कळले की हा आवाज मुंबईत आधीच उमटून गेला होता.

यंत्र तेच असताना फळ इतके वेगळे का, याचे उत्तर शिकागोच्या म्युझिक बॉक्स या क्लबात सापडते. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'ची टेप प्रकाशनाच्या बरीच आधी रॉन हार्डी या तिथल्या डीजेच्या हाती पडली होती. त्याने ती पहिल्यांदा लावली तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, मग आणखी एकदा, आणि चौथ्या खेपेला लोक बेभान झाले. गटातल्या डीजे पिअरने ही हकीकत अनेकदा सांगितली आहे. त्या रचनेला नावही तिथल्या लोकांनीच दिले. ते तिला रॉन हार्डीची अ‍ॅसिड ट्रॅक म्हणत. प्रकाशनापूर्वी शिकागोचा निर्माता मार्शल जेफरसन याने तिची गती मिनिटाला सुमारे 120 ठोक्यांपर्यंत उतरवली, तीही नाचणाऱ्यांचा अंदाज घेऊनच. मुंबईत तेव्हा तसे क्लब नव्हते, डिस्को ऐकणाऱ्यांना गाणे हवे असायचे, त्यामुळे ही तुलना अन्यायाची आहे असे कुणी म्हणेल. सिंग यांच्या प्रतिभेला उणे लेखण्यासाठी ती केलेलीच नाही. त्यांच्या तबकडीला फ्लोअर मिळाला नाही आणि त्या फ्लोअरवर हट्टाने चार वेळा तीच रेकॉर्ड लावणारा माणूस मिळाला नाही, एवढेच ती दाखवते. नृत्यसंगीताची निर्मिती डीजेच्या कलेच्या पोटी जन्मली. आज मात्र उतरंड उलटी लागली आहे. आधी ट्रॅक बनवा, नाव कमवा, मग बक्षीस म्हणून डीजेच्या डेकवर उभे राहा. या उलट्या क्रमाने दोन्ही कलांचे नुकसान होते आहे, असे माझे ठाम मत आहे.

इतिहास पाहा. जमैकात किंग्स्टनचे साउंड सिस्टिमवाले आधी फक्त अमेरिकन रेकॉर्डी वाजवत. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी मनाजोगत्या रेकॉर्डी मिळेनाशा झाल्या, तेव्हा कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड यांनी आपापल्या सिस्टिमसाठी स्वतःच ध्वनिमुद्रण सुरू केले. जमैकाच्या संगीताचा उद्योग बऱ्याच अंशी या गरजेतून उभा राहिला. किंग्स्टनमध्येच जन्मलेल्या कूल हर्कने 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीतल्या एका मेजवानीत रेकॉर्डी लावल्या. गाणे थांबून नुसता ठेका वाजतो त्या तुकड्यालाच लोक खरे नाचतात, हे त्याने हेरले होते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा तो लांबवू लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने रेकॉर्डवर मेणखडूच्या खुणा करून तेच काम घड्याळाच्या काट्यासारखे नेमके केले. सॅम्पलरमध्ये आज जो लूप एका कळीने फिरतो, तो आधी असा दोन हातांनी फिरला. 1976 मध्ये वॉल्टर गिबन्स या क्लब डीजेला डबल एक्स्पोजरचे 'टेन पर्सेंट' हे गाणे फेरजुळणीसाठी मिळाले. त्याने ते जवळजवळ दहा मिनिटांचे केले, आणि ती सर्वसामान्यांना विकत मिळालेली पहिली बारा इंची सिंगल ठरली. आजही हाउस किंवा टेक्नोच्या ट्रॅकच्या आरंभी आणि शेवटी बहुधा नुसता ठेका असतो. आपली रेकॉर्ड दुसऱ्या रेकॉर्डवर चढवली आणि उतरवली जाणार, हे निर्मात्याला आधीच ठाऊक असते, म्हणून तो ही जागा सोडून ठेवतो.

ही दोन कामे करणाऱ्याच्या हाताला कशी लागतात, ते जवळून पाहिले पाहिजे. टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलवर गती आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारा स्लायडर असतो. एका कानात बाहेरची रेकॉर्ड, दुसऱ्या कानावर हेडफोनमध्ये येणारी. एकीची गती मिनिटाला 124 ठोके, दुसरीची 126. फरक दीड टक्क्याच्या किंचित वर, आणि तो मोजायला फक्त कान. अर्ध्या टक्क्याची चूक राहिली तरी मिनिटाभरात दोन ठेके सुमारे एक तृतीयांश सेकंदाने सरकतात. या गतीला ते अर्ध्या ठोक्याहून जास्त झाले, म्हणजे सगळा डौल गेला. ठोके जुळले तरी आवर्तनाची सम जुळायला हवी. तीही जुळली तरी दोन रेकॉर्डींची खर्जातली बेस एकत्र घुमू लागली की सगळा आवाज गढूळ होतो, म्हणून मिक्सरवर एकीची बेस उतरवत त्याच क्षणी दुसरीची चढवायची. हे सगळे चालू असताना नजर लोकांवर ठेवायची. स्टुडिओतल्या निर्मात्याचा दिवस वेगळा असतो. तो एका किक ड्रमच्या शेपटीवर आठवडा घालवू शकतो. किक आणि बेस यांच्यात खर्जाची जागा वाटून देण्यासाठी प्रत्येक ठोक्याला बेस क्षणभर दबेल अशी योजना करतो, ती ऐकतो, मोडतो, पुन्हा करतो. कॉम्प्युटरवर केलेले प्रत्येक काम त्याला मागे घेता येते. डीजेला काहीच मागे घेता येत नाही. माझ्या दृष्टीने मूळ भेद हाच आहे. निर्माता वेळेवर हुकूम चालवतो आणि डीजे वेळेच्या ताब्यात राहून निर्णय घेतो. म्हणून एकातली तयारी दुसऱ्यात आपोआप उतरत नाही.

आता पहिला आक्षेप. ठोके जुळवायचे काम आता यंत्रावरची सिंकची कळ करते, मग डीजेकडे उरले काय? अमेरिकेतल्या मोठ्या उत्सवांत वाजवणाऱ्या डेडमाऊसनेच 2012 मध्ये लिहून टाकले की आम्ही सगळे फक्त प्लेची कळ दाबतो. त्याच्या आधीच रचलेल्या, दिव्यांशी बांधलेल्या कार्यक्रमापुरते ते प्रांजळ विधान होते. पण ठोके जुळवणे हेच डीजेचे सर्वस्व आहे, हे गृहीतकच चूक आहे. न्यूयॉर्कच्या द लॉफ्टमध्ये 1970 पासून मेजवान्या भरवणारा डेव्हिड मंकूसो पुढे मिक्सिंग सोडून देऊन प्रत्येक रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवू लागला. तरी त्या खोलीतून न्यूयॉर्कच्या डीजेंची एक पिढी शिकून बाहेर पडली. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. अंजुण्याच्या किनाऱ्यावर उन्हात आणि धुळीत विनाइल टिकत नसे, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि नंतर डॅट ही डिजिटल टेप वापरत. त्यांच्यातल्या गोवा गिलने 2023 मध्ये निधन होईपर्यंत डॅट सोडली नाही. त्या टेपवर गती बदलायची सोय नसते. म्हणजे त्याच्याकडे उरत होता तो फक्त क्रम: काळोखात काय लावायचे, पहाट फुटताना काय, ऊन चढल्यावर काय. तो चोवीस-चोवीस तास वाजवत असे आणि त्यासाठीच जगभरचे लोक त्याच्याकडे येत. सिंकची कळ येण्याआधीच, सिंकने वाचवलेली मेहनत वजा केली तरी डीजे उरतो, हे सिद्ध झालेले होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पंगतीत वाढपी कितीही चपळ असला तरी स्वयंपाक आचाऱ्याचा असतो. डीजे दुसऱ्याचे संगीत वाढतो, निर्माण काही करत नाही. हे ऐकायला पटते. पण आपल्या परंपरेत सादर करणाऱ्याला रचनाकारापेक्षा कमी मानायची रीत कधीच नव्हती. अठराव्या शतकातल्या सदारंगाच्या बंदिशी आजही गायल्या जातात आणि गायकाला कुणी विचारत नाही की यात तुझे काय. यावर कुणी म्हणेल की गायक उपज करतो, राग फुलवतो; तबकडी तर जशीच्या तशी वाजते. तबकडी तीच राहते हे खरे, पण तिचा अर्थ तोच राहत नाही. रात्री अकराला लावलेली रेकॉर्ड लोकांना बारकडे पाठवते, तीच तीन वाजता योग्य रेकॉर्डीमागून आली तर खोली उसळते. हार्डीची चौथी खेप हा त्याचा पुरावा आहे, कारण पहिल्या आणि चौथ्या खेपेत टेपवरचा एक स्वरही बदललेला नव्हता. टेक्नो डीजे रिची हॉटिनने 2001 मध्ये 'डीई9: क्लोजर टू द एडिट'साठी शंभराहून अधिक ट्रॅकचे तुकडे घेऊन एकच सलग वीण केली. तिथे डीजे कुठे संपतो आणि निर्माता कुठे सुरू होतो, हे मलाही सांगता येत नाही. पण अशा टोकाच्या प्रयोगावाचूनही नुसती निवड ही निर्मिती असते. लंडनचा बेन यूएफओ स्वतः ट्रॅक प्रकाशित करत नाही, तरी त्याची गणना आजच्या उत्तम डीजेंत होते.

फ्लोअरशी संबंध नसलेले थोर निर्माते झाले, हाही मुद्दा टाळता येणार नाही. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटातले कुणी डीजे नव्हते. 1977 मध्ये डॉना समरचे 'आय फील लव्ह' घडवणारा जॉर्जिओ मोरोडर डेकवर उभा राहिला तो सत्तरी ओलांडल्यावर. लंडनचा निर्माता बेरिअल तर श्रोत्यांसमोर येतच नाही, आणि त्याचा 2007 चा 'अनट्रू' हा अल्बम रात्रीच्या बसमध्ये एकट्याने ऐकायचा आहे. हे सगळे मान्य. मात्र क्राफ्टवर्कचे 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' ब्राँक्समध्ये पोहोचले ते तिथला डीजे आफ्रिका बंबाटा याने ते आपल्या मेजवान्यांत वाजवले म्हणून, आणि त्यातून 1982 मध्ये त्याचे 'प्लॅनेट रॉक' झाले. एकांतात रचलेल्या संगीतालाही वंश वाढवायला बहुतेक वेळा डीजेच लागला.

मग उतरंड उलटी झाली कशी? कारण पैशाचे आहे. रेकॉर्डींची विक्री आटली, स्ट्रीमिंगवर चिल्लर मिळते, त्यामुळे निर्मात्याला पोट भरायला मंच हवा. आयोजकाला पोस्टरवर लोकांनी ऐकलेले नाव हवे, आणि नाव ट्रॅकने होते. परिणामी स्टुडिओत उत्तम काम करणारा माणूस हजारो लोकांसमोर अवघडून तासभर उभा राहतो, आणि जन्मजात डीजे असलेला तरुण केवळ बुकिंग मिळावे म्हणून दुसऱ्याकडून पैसे देऊन ट्रॅक बनवून घेतो. दोघांनाही नको असलेल्या कामाकडे ढकलले जाते. आपल्याकडे तर डीजेची चर्चाच गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आणि डेसिबल यांपुरती उरली आहे. त्या आवाजाबद्दलची तक्रार रास्त आहे. पण त्या भिंतीमागे बसून कोळीगीताला हलगीचा ठेका जोडणारा पोरगा काय करतो, याकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

सिंकच्या कळीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वेळेची. डीजे फ्रँकी नकल्स 1977 ते 1982 अशी पाच वर्षे शिकागोच्या वेअरहाउस या क्लबात त्याच लोकांसमोर वाजवत होता. लॅरी लेव्हान न्यूयॉर्कच्या पॅरडाइझ गॅराज या क्लबात दहा वर्षे होता. गर्दीची नाडी अशा मुक्कामात कळते. उत्सवातल्या साठ मिनिटांत डीजे चढ-उतार रचू शकत नाही. तो फक्त माथ्यावरचे ट्रॅक एकापाठोपाठ एक लावतो, आणि मग कळ दाबण्याचा आरोप खरा ठरू लागतो. बर्लिनचा बर्गहाइन हा क्लब डीजेंना लांबलचक वेळ देतो, म्हणून तिथे ही कला अजून जोमात आहे. गोव्यात आणि पुण्यात उघड्यावरच्या कार्यक्रमांना 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची मर्यादा आहे, आणि सवलतीचे मोजके दिवस सोडले तर ती पाळलीच पाहिजे. त्यावर उपाय आयोजकांच्याच हातात आहे. दुपारी दोनला सुरुवात करावी, आठ नावांऐवजी दोन बोलवावीत आणि प्रत्येकाला चार तास द्यावेत.