गाडी जुळवायला ट्रॅक कोणता?

बेंबळीत असो की पुण्यात, रेसिंग गेममध्ये गाडी ट्यून करायचा नाद ज्याला लागला त्याचा एक लाडका ट्रॅक ठरलेला असतो. त्या ट्रॅकसोबत काही पक्की मतंही येतात, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे न तपासताच जातात.

गैरसमज: लांब सरळ रस्त्यावर गाडी ताणली की सगळं कळतं.

या मताचं माहेर म्हणजे ग्रान टुरिस्मो या खेळातला स्पेशल स्टेज रूट एक्स. सुमारे तीस किलोमीटरचा हा ट्रॅक केवळ खेळातच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा किलोमीटरच्या सरळ पट्ट्या आहेत. तिथे गाडीची कमाल गती कळते आणि गिअर जुळवता येतात. शेवटच्या गिअरमध्ये सुई लवकरच लाल रेषेला टेकून थांबली, तर गिअर आखूड आहे. इंजिन कण्हत राहिलं आणि सुई वर चढेचना, तर गिअर लांब आहे. पण ब्रेक, सस्पेन्शन, डिफरन्शियल यांच्याबद्दल हा ट्रॅक काही सांगत नाही, कारण तिथे ब्रेक मारायची वेळच येत नाही.

खऱ्या जगातही हीच वाटणी आहे. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ साली नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक सुरू झाला. त्याची वळणं अशी कलती बांधली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगालाही स्टिअरिंग जवळजवळ सरळ धरून गाडी वळते. आता अशा वळणावर गाडी किती चांगली वळते हे तपासणार कसं? म्हणून त्याच आवारात ब्रेकसाठी, चढासाठी, हाताळणीसाठी, खडबडीत रस्त्यासाठी वेगळे ट्रॅक आहेत. आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई ही डीआरडीओची संस्थाही लष्करी वाहनांच्या चाचण्या एकाच गुळगुळीत पट्ट्यावर उरकत नाही.

गैरसमज: नुरबर्गरिंगवर चांगली धावली ती गाडी कुठेही चांगली.

हा समज सगळ्यांत चिवट. कारणही आहे: कार कंपन्या स्वतःच रिंगवरच्या वेळा जाहिरातीत मिरवतात. नुरबर्गरिंगचा नॉर्डश्लाइफे हा जर्मनीतला ट्रॅक २०.८ किलोमीटरचा. बेंबळीहून धाराशिव गाठायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढी एकच फेरी. त्यात सत्तरहून जास्त वळणं आणि सुमारे तीनशे मीटरचा चढउतार. ट्रॅक म्हणून तो अफाट आहे, याबद्दल वाद नाही.

पण ट्यूनिंग म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक मोजायचा. पुढचा अँटी-रोल बार एक घर सैल केला, तर त्याने पडणारा फरक सेकंदाच्या काही दशांशांचा. रिंगची एक फेरी सात-आठ मिनिटांची, आणि तेवढ्या वेळात एक वळण चुकलं की दोन सेकंद गेले. मग वेळ बदलली ती बारमुळे की आपल्या हातामुळे, हे ठरवता येत नाही. शिवाय पुढची फेरी संपेपर्यंत मागच्या फेरीत गाडी कशी वाटली होती तेच विसरायला होतं.

जपानमधला त्सुकुबा जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. फेरी एका मिनिटाच्या आसपास. दहा मिनिटांत आठ-नऊ फेऱ्या होतात, प्रत्येक वळण तोंडपाठ होतं, आणि मग गाडीतला बारीकसा बदलही हाताला जाणवतो. जपानी मोटार मासिकं गाड्यांची तुलना तिथे करत आली, ती उगाच नाही. टॉप गिअर या कार्यक्रमाचा इंग्लंडमधल्या डन्सफोल्डचा ट्रॅक याच जातीचा. तो आखायला लोटस कंपनीची मदत होती. हॅमरहेड हे त्यातलं वळण मुद्दाम असं काढलंय की गाडीचं नाक बाहेर पळतं की शेपूट सुटतं, ते तिथे उघडं पडावं. ग्रान टुरिस्मो ५ मध्ये हा ट्रॅक आहे. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

रिंग हवीच असेल तर शेवटी. सेटअप जुळला की तो खडबडीत जागी टिकतो का, एवढं पाहायला.

गैरसमज: सस्पेन्शन जितकं कडक, तितकी गाडी वेगवान.

आपल्याकडच्या खड्डेरी रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याला हे पटवून द्यावं लागू नये. चाक हवेत असेल तर टायरला पकड कुठली? गुळगुळीत ट्रॅकवर कडकपणाचा फायदा होतो. रिंगवर त्याच सेटअपची गाडी उडते.

गैरसमज: खेळातले ट्रॅक अंदाजाने काढलेली चित्रं असतात.

जुन्या खेळांबाबत हे बरंचसं खरं होतं. पण २००८ साली आलेल्या आयरेसिंगने आणि नंतर असेटो कोर्साने खरे ट्रॅक लेझरने मोजून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे डांबरातले उंचवटेही खेळात आले. तरी सगळे ट्रॅक असे नसतात. आपल्या नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटचंच बघा. एफ-वन २०११ हा खेळ सप्टेंबरमध्ये बाजारात आला. सर्किटचं उद्घाटन १८ ऑक्टोबरला झालं आणि पहिली शर्यत ३० ऑक्टोबरला. म्हणजे तिथल्या डांबरावर शर्यत होण्याआधीच लोकांनी त्यावर घरबसल्या फेऱ्या मारल्या होत्या. अशा ट्रॅकवर वळणांचा क्रम शिकावा, सस्पेन्शन जुळवत बसू नये.

गैरसमज: व्हिडिओतल्या वस्तादाचा सेटअप उतरवला की झालं.

दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा आहे तो. तो ब्रेक उशिरा मारतो, तुम्ही लवकर. तो स्टिअरिंग चाकावर खेळतो, तुम्ही मोबाईल वाकडा करून. आकडे तेच, गाडी वेगळी.

गैरसमज: खेळात शिकलेलं खऱ्या ट्रॅकवर शून्य.

ग्रान टुरिस्मो खेळणाऱ्यांतून निसानने २००८ पासून जीटी अकॅडमीत चालक निवडले. पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ. तो आणि याच वाटेने आलेला जॅन मार्डनबरो, दोघे २०१३ च्या ले मान्स शर्यतीत एकाच गाडीत होते आणि आपल्या गटात तिसरे आले. मार्डनबरोवरच्या २०२३ च्या चित्रपटाने मात्र नवा गैरसमज पसरवला: त्यात रिंगवरचा जीवघेणा अपघात ले मान्सच्या आधी दाखवलाय. प्रत्यक्षात तो २०१५ चा.

एक मात्र खरं: निवड झालेल्यांनाही खऱ्या गाडीत बसवून नव्याने शिकवावं लागलं, कारण ब्रेक मारताना अंगावर येणारा जोर पडद्यावर येत नाही. म्हणून खेळात चाचणी करताना निदान पडद्यावरची मदत तरी बंद करा. ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टेबिलिटी चालू असतील, तर बिघडलेला सेटअपही शहाण्यासारखा वळतो आणि तुम्ही खेळाच्याच करामतीला आपलं ट्यूनिंग समजून बसता.