अकरा गाण्यांचा माल

ठाण्याहून भिवंडीकडे निघालं की कशेळीचा पूल, मग काल्हेर, आणि काल्हेरला लागूनच पूर्णा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जमिनीवर माल ठेवणं स्वस्त पडायचं, म्हणून भातखाचरांच्या जागी गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. गाडी कधी लागली, नग किती, उतरवायला माणसं किती, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. म्हणून यू-टू हा आयरिश रॉक बँड 15 डिसेंबर 2019 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येणार हे ठरलं, तेव्हा आम्हा इकडच्या चाहत्यांना गाण्यांच्या ओढीइतकंच आणखी एक कुतूहल होतं. एवढं सामान येणार कसं, आणि ते उतरवणार कोण?

दौरा नव्या गाण्यांचा नव्हता. ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमची तिशी साजरी करायला तो निघाला होता. 9 मार्च 1987 ला आलेला हा अल्बम. अकरा गाणी, पन्नास मिनिटं. निर्माते ब्रायन ईनो आणि डॅनियल लानवा. बँड त्याच्याही आधीचा, 1976 चा. डब्लिनच्या माउंट टेम्पल शाळेत लॅरी मलन नावाच्या ड्रम वाजवणाऱ्या मुलाने सूचना फलकावर चिठ्ठी लावली आणि बोनो, एज, अॅडम क्लेटन त्याला येऊन मिळाले. तेच चौघे 2019 मध्ये नेरूळला आले. या अल्बमला 1988 मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याची छायाचित्रं अँटन कॉर्बेन यांनी डिसेंबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात काढली. त्यांतलं एकटं उभं असलेलं झाड 2000 च्या सुमारास कोसळलं. तरी जगभरातले चाहते ती जागा शोधत वाळवंटात जातात.

दौरा 12 मे 2017 ला कॅनडातल्या व्हँकुव्हरला सुरू झाला. त्या वर्षी अमेरिका, युरोप, लॅटिन अमेरिका झाली आणि ऑक्टोबरात साओ पावलोला तो थांबला. मधल्या वर्षात बँड दुसऱ्याच दौऱ्यावर जाऊन आला. 8 नोव्हेंबर 2019 ला न्यूझीलंडच्या ऑकलंडहून जोशुआ ट्री पुन्हा निघाला: ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान, सोल, मनिला आणि शेवटी मुंबई. एकूण 66 कार्यक्रम, सुमारे 33 लाख श्रोते. यू-टू भारतात पहिल्यांदाच येत होते. हिशेबाने तोवर अल्बमला बत्तीस वर्षं झाली होती. पण ज्यांच्या गावाला एकदाही गाडी लागली नव्हती, ते दोन वर्षांच्या उशिराची तक्रार कशाला करतील?

एरवी बँड नवा अल्बम काढतो, चार नवी गाणी वाजवतो आणि लोकांना हवी असलेली जुनी त्यांत पेरतो. इथे बँडने अकराच्या अकरा गाणी, अल्बमच्याच क्रमाने वाजवण्याचं ठरवलं होतं. मराठी श्रोत्याला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललेलं गीतरामायण आपण असंच ऐकत आलो आहोत. छप्पन्न गाणी, क्रम ठरलेला. एक संपताना पुढचं कानात आधीच सुरू झालेलं असतं. गदिमा आणि बाबूजींच्या श्रोत्यांना पुढे काय येणार हे माहीत असायचं, आणि त्या माहीत असण्यातच आनंदाचा मोठा वाटा होता. क्रमाने वाजवलेला अल्बम तसाच अंगावर येतो. रॉक संगीताने ही गोष्ट फार उशिरा ओळखली, असं माझं मत आहे.

आमच्या पट्ट्यात हे संगीत आलं ते कॅसेटवरून. घराघरांत आगरी हळदीची गाणी, लग्नात धवले, वरातीत ब्रास बँड, पुढे बेंजो आणि मग डीजे. नव्वदीच्या सुरुवातीला केबलवर स्टार टीव्ही आला, त्याबरोबर एमटीव्ही आला, आणि कॅसेटवरच्या आवाजांना चेहरे मिळाले. कुणाचा थोरला भाऊ काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणायचा. मग तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरून घेतली जायची. तिसऱ्या प्रतीत गिटारच्या जागी बरीचशी खरखर असे. एज यांचं गिटार मुळात प्रतिध्वनीवर चालतं. एकदा छेडलेली तार डिले यंत्रातून मोजक्या अंतराने पुन्हा पुन्हा परत येते आणि एका माणसाच्या बोटांतून ताल उभा राहतो. त्या खरखरीतूनही तो ताल ओळखू यायचा. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या कानाला ठरावीक अंतराने परत येणाऱ्या ठोक्याचं वेड लागलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

मुंबईला मोठे रॉक कार्यक्रम नवे नव्हते. धोबी तलावच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा. गावोगावचे कॉलेजवाले बँड तिथे वाजवायला धडपडत. 2003 मध्ये शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातला आवाज थांबला. आसपास रुग्णालयं आहेत. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स ब्रेबर्न स्टेडियमवर वाजवून गेले. मालाच्या नजरेने पाहिलं तर सगळ्यांत नवलाचा दिवस 1 फेब्रुवारी 2008 चा. आयर्न मेडनने आपला जगभरचा दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, आणि त्यासाठी ते स्वतःच्या रंगाचं बोइंग 757 घेऊन आले. मागच्या आसनांची जागा मोकळी करून त्यात बारा टन सामान भरलेलं, आणि वैमानिकाच्या जागी बँडचाच गायक ब्रूस डिकिन्सन. पण ते मोकळ्या मैदानावरच्या मंचापुरतं सामान होतं. यू-टू जे आणत होते ते त्याच्या कितीतरी पट होतं.

त्या सामानाचा राजा म्हणजे पडदा. 61 मीटर रुंद आणि 14 मीटर उंच. तीन क्रिकेट खेळपट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर जेमतेम त्याची रुंदी भरेल. बंद असताना तो पडदा वाटतच नाही. सोनेरी रंगवलेली भली थोरली फळी वाटते, तिच्यावर रुपेरी जोशुआ झाड, आणि झाडाचा शेंडा वरच्या कडेच्याही बाहेर गेलेला. याची कल्पना विली विल्यम्स यांची, जे 1982 पासून या बँडचे मंच रचत आले आहेत. त्यांच्यासोबत एस डेव्हलिन आणि वास्तुरचनाकार रिक लिप्सन. पडद्याचे तुकडे कार्बन फायबरच्या चौकटीत बसवलेले, कारण इतक्या मोठ्या अंगाला वजन परवडत नाही आणि उघड्या मैदानावर वारा शिडासारखा भरतो. समोर लोकांत घुसलेला छोटा मंच त्याच झाडाच्या सावलीच्या आकाराचा. सुरुवातीची जुनी गाणी चौघे त्या सावलीवर उभं राहून, मागचा पडदा बंद ठेवून वाजवतात. मग ते मोठ्या मंचावर जातात, सोनेरी फळी लाल होते, काळ्या झाडामागे प्रकाश भरतो, आणि अल्बमचं पहिलं गाणं सुरू होतं. ज्यांनी तो क्षण पाहिला त्यांना पडद्याची मापं सांगायची गरज नाही.

स्टेडियमच्या मधोमध वरून काही टांगायला छत नसतं. जे उभं करायचं ते जमिनीवरून. आधी गवत वाचवायला त्यावर फळ्यांसारख्या जाड लाद्या अंथरतात, मग क्रेन, मग पोलाद. अशा दौऱ्यांत पोलादाचा सांगाडा एकच असून भागत नाही. तो उभा करायला आणि उतरवायला दिवस लागतात, म्हणून एक संच इथे उभा असताना दुसरा पुढच्या शहराकडे निघालेला असतो. यू-टूच्याच 2009 ते 2011 च्या दौऱ्यात जो चार पायांचा प्रचंड सांगाडा होता, त्याचे तीन संच जगभर फिरत होते. आवाज, दिवे, पडदा, वाद्यं मात्र प्रत्येक गावी तीच. ती चाकांच्या मजबूत पेट्यांतून येतात. मंचावर जे आधी लागणार ते गाडीत शेवटी भरायचं, म्हणजे दार उघडताच तेच हाती येतं. पूर्णातल्या कुठल्याही माल भरणाऱ्या माणसाने हा नियम डोळे मिटून सांगितला असता.

सप्टेंबरात कार्यक्रम जाहीर झाला आणि वाट पाहणं सुरू झालं. ऑकलंडला काय वाजलं, सिडनीत शेवटी कोणतं गाणं आलं, सोलमध्ये काय बदललं, याचे हिशेब फोनवर फिरत होते. अकरा गाणी ठरलेली होती; वाद व्हायचे ते त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या गाण्यांवरून. नोव्हेंबरात बँडने ए. आर. रहमान यांच्यासोबत केलेलं ‘अहिंसा’ हे गाणं आलं. ते गांधीजींच्या जन्माचं दीडशेवं वर्ष होतं. तेव्हा मुंबईत काहीतरी वेगळं होणार हे ठरल्यासारखंच झालं, आणि झालंही. रहमान आपल्या मुलींसह मंचावर आले.

माझ्यासाठी मात्र या अल्बमचं हृदय त्याच्या उत्तरार्धात आहे, जिथली गाणी रेडिओवर कधी फारशी वाजली नाहीत. सहावं गाणं ‘रेड हिल मायनिंग टाउन’. ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी मार्च 1984 मध्ये संप केला, वर्षभर झुंजले आणि हरले. संपाने घराघरांत जे मोडलं त्यावरचं हे गाणं. 1987 पासून तीस वर्षं बँडने ते एकदाही लोकांसमोर वाजवलं नव्हतं; पहिल्यांदा वाजलं ते याच दौऱ्यात. मागच्या पडद्यावर तेव्हा साल्व्हेशन आर्मीचा ब्रास बँड वाजवताना दिसतो, खऱ्या माणसांच्या कित्येक पट मोठा. भिवंडीच्या माणसाने हे गाणं परकं कसं मानावं? 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी मागे घेतला असं झालंच नाही, गिरण्याच संपल्या. कापडाचं काम मोठ्या प्रमाणावर आमच्या यंत्रमागांवर आलं. एका शहराचं काम गेलं तेव्हा दुसऱ्या गावाला ते मिळालं, कमी मजुरीत आणि लांब पाळीत. खाणगावातल्या नवरा-बायकोचं हे गाणं ऐकताना लालबाग आणि भिवंडी दोन्ही एकदम आठवतात.

नववं गाणं ‘वन ट्री हिल’. ऑकलंडमधल्या एका टेकडीचं ते नाव. माओरी लोक तिला माउंगाकिएकिए म्हणतात. ग्रेग कॅरल हा माओरी तरुण बँडच्या दौऱ्यावर मंचाचं काम करायचा आणि बोनोंचा जवळचा मित्र झाला होता. 3 जुलै 1986 ला डब्लिनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. गाणं त्याचं आहे आणि सगळा अल्बमही त्यालाच अर्पण केलेला आहे. जगातल्या सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या अल्बमांपैकी एक, आणि तो अर्पण केला आहे सामान वाहणाऱ्या, तारा जोडणाऱ्या, मंच लावणाऱ्या माणसाला. दौऱ्याचा हा शेवटचा टप्पा ऑकलंडहून, त्याच्याच भूमीवरून सुरू झाला होता. चाहत्यांत या गाण्याबद्दल जो हळवेपणा आहे त्याचं कारण हे आहे.

त्या रविवारी नेरूळला आलेल्या गर्दीत पुण्याचे, बंगळुरूचे, दिल्लीचे लोक होते, तसे डोंबिवली-कल्याण-भिवंडीचेही होते. कित्येकांच्या सोबत त्यांची मुलं होती. ‘अल्ट्राव्हायलेट’ या गाण्याला प्रत्येक देशात तिथल्या कर्तृत्ववान स्त्रियांचे चेहरे पडद्यावर येत. इथे भारतीय चेहरे आले. दौऱ्याचा तो अखेरचा कार्यक्रम होता.

त्यानंतर नवी मुंबईची अशा मोठ्या कार्यक्रमांची सवय वाढली आहे. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे त्याच मैदानावर तीन कार्यक्रम झाले. पण क्रिकेटसाठी बांधलेल्या स्टेडियमवर दर वेळी गवत झाकून, पोलाद उभारून काम भागवायचं, ही व्यवस्था एवढ्या मोठ्या महानगराला शोभत नाही. रंगभवन गेल्यावर त्याच्या तोडीची, सामान्य बँडलाही परवडेल अशी खुली जागा आपण बांधायला हवी होती. मुंबई आणि ठाण्याच्या महापालिकांनी हे काम अजूनही हाती घ्यावं.

आणि आयोजकांना एक विनंती. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांची नावं दौऱ्याच्या पुस्तिकेत छापली जातात. इथे लाद्या अंथरणारे, पेट्या ढकलणारे, रात्रभर पोलाद उतरवणारे लोक आपलेच असतात. चित्रपटाच्या शेवटी येतात तशी त्यांची नावं, मराठीत, त्या भल्या थोरल्या पडद्यावर दोन मिनिटं दाखवा. ‘जोशुआ ट्री’ला 9 मार्च 2027 ला चाळीस वर्षं पूर्ण होतात. त्या निमित्ताने कुठलाही बँड, कुठलाही दौरा इथे आला, तर सुरुवात तिथून करता येईल.