फिल्टरला तेल किती पाजायचे?

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते आणि ती सगळी एअर फिल्टरमधून जाते. त्यामुळे फिल्टरच्या बाबतीत गाडीमालक हळवे असतात. त्यातून धुऊन पुन्हा वापरायचा सुती फिल्टर बसवला, की हौसेला ऊत येतो. अमेरिकेतल्या 'के अँड एन'मुळे प्रसिद्ध झालेला हा प्रकार म्हणजे घड्या घातलेल्या विरळ सुती कापडाचे थर, दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि कापडात मुरलेले लाल तेल. कोरड्या कापडातून बारीक धूळ सहज निसटते. तिला धरून ठेवते ते तेल.

फिल्टर काळपट दिसला की धुवायचा, हा पहिला गैरसमज. अडकलेली धूळही पुढची धूळ अडवायला मदत करते. जाळीच्या तारा सगळीकडे स्पष्ट दिसत असतील तर फिल्टरला हात लावू नका, धुळीच्या थराखाली त्या बुजू लागल्या की धुवा. कंपनी ८०,००० किलोमीटरचा आकडा सांगते, पण तो चांगल्या हमरस्त्यावरचा. ऊसवाहतुकीच्या कच्च्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

गॅरेजमध्ये 'हवा मारून देतो' म्हणतात, कुणी रॉकेलमध्ये बुचकळतात. कॉम्प्रेसरच्या झोताने कापड फाटते, रॉकेल-पेट्रोलने कडेचे रबर खराब होते. फिल्टरसाठीचा क्लीनर फवारा, दहा मिनिटे थांबा, पण तो वाळू देऊ नका. मग नळाच्या हलक्या धारेखाली आतून बाहेर धुवा, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने पाणी सोडा. उलट धुतलात तर घाण आत ढकलली जाते. नंतर सावलीत वाळवा, रात्रभर लागली तरी चालेल. हेअर ड्रायरची घाई नको. ओल्या कापडात तेल मुरत नाही आणि उष्णतेने कापड आकसते.

खरा घोटाळा होतो तो तेल लावताना. 'जास्त तेल, जास्त संरक्षण' असे वाटते, पण कापडात न मुरलेले तेल हवेबरोबर पुढे ओढले जाते. अनेक गाड्यांत फिल्टरच्या पुढेच हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली बारीक तार विजेने तापवलेली असते. हवा तिला किती थंड करते, त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. तारेवर तेलाचा थर बसून त्याला धूळ चिकटली की मोजणी चुकते. मग गाडी आयडलिंगला थरथरते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि दोष भलत्याच भागावर जातो. काही गाड्या दाबावरून हवा मोजतात, त्यांना हा त्रास होत नाही.

म्हणून प्रत्येक घडीवर एकदाच तेल फिरवा आणि वीस मिनिटे थांबा. तेलाला लाल रंग दिलेला असतो तो यासाठीच: कुठे पांढरे राहिले ते दिसते. तिथेच थोडे लावा, कडेवर ओघळलेले पुसून घ्या. तेल फिल्टरचेच हवे. घरात उरलेले इंजिन ऑइल चालत नाही. ते फिल्टरच्या तेलासारखे चिकटून न राहता ओघळते.

राहता राहिला ॲव्हरेज. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेल्या फिल्टरांची चाचणी घेतली. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप तेवढा कमी झाला. कारण हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. तुंबलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेज हलत नसेल, तर चांगला कागदी काढून सुती बसवल्याने तो कितीसा वाढणार?

आणि हे सगळे वाचून साधा कागदी फिल्टर नळाखाली धरू नका, तो बदलायचाच असतो. रोज ऑफिसला नेणाऱ्या छोट्या गाडीला तो पुरेसा आहे. सुती फिल्टर त्यानेच घ्यावा, ज्याची तो वाळेपर्यंत गाडी उभी ठेवायची तयारी आहे.