चंद्र एकच, टाळीही एकच!

बालमित्रांनो, ईदची शाळेला सुट्टी असते, हे तुम्हांला पाठच असेल. पण त्या दिवशी तुम्ही काय करता? जुन्नर असो की घोडेगाव, मंचर असो की नारायणगाव, बहुतेकांचं उत्तर एकच : "क्रिकेट खेळतो!" आषाढीला शाळेतून दिंडी निघते, टाळ वाजतात, छोटे विठोबा-रखुमाई मिरवतात. मग शेजारच्या बाकावरच्या मित्राचा सण मात्र सुट्टीतच का बरं संपून जावा?

आधी एक गंमत पाहू. भिंतीवरचं कॅलेंडर काढा. मुस्लिम महिना सुरू होतो तो अमावास्येनंतर संध्याकाळी चंद्राची कोर दिसली की. म्हणजे बहुधा आपल्या शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या सुमारास. मग त्या महिन्याची दहावी तारीख कुठे येईल? एकादशी-द्वादशीच्या आसपास! बकरी ईद झिलहज महिन्याच्या दहाव्या तारखेला असते. म्हणूनच २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पैगंबरांचा जन्मदिवस, म्हणजे ईद-ए-मिलाद, येते बाराव्या तारखेला. २०२३ मध्ये ती २८ सप्टेंबरला नेमकी अनंत चतुर्दशीवरच येऊन बसली!

मग दर वर्षी असं का होत नाही? बारा चांद्र महिन्यांचे दिवस होतात साधारण ३५४. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा कमी. आपण अधूनमधून अधिक महिना घालून ती तूट भरून काढतो. हिजरी वर्षात तसं करत नाहीत, म्हणून ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते.

२०२३ मध्ये लोकांनी काय केलं ठाऊक आहे? आषाढीच्या दिवशी कुर्बानी नको, दुसऱ्या दिवशी करू, असं अनेक गावांतल्या मुस्लिम मंडळींनी ठरवलं. सप्टेंबरमध्येही विसर्जनाची गर्दी बघून ठिकठिकाणी ईदची मिरवणूक एक दिवस पुढे नेली. सरकारनेही सुट्टी २९ सप्टेंबरला दिली. एकाने थोडं सरकायचं, दुसऱ्याने जागा ठेवायची. बाकावर बसताना आपण हेच करतो की नाही?

आता आपण सरकून जागा करायची, तर शाळेत कव्वाली ठेवली तर? कव्वाली म्हणजे सिनेमातलं चमचमत्या कपड्यांचं गाणं नव्हे बरं का! 'कौल' म्हणजे वचन. त्यावरून कव्वाली. सूफी संतांच्या दर्ग्यांत, उरुसाच्या रात्री ही भक्तिगीतं रंगतात. 'उर्स'चा मूळ अर्थ आहे लग्न. संताचा देह गेला त्या दिवशी तो देवाला जाऊन मिळाला, म्हणून पुण्यतिथीचाच तो आनंदसोहळा! दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे लाडके शिष्य अमीर खुस्रो यांच्यापासून कव्वालीची परंपरा सांगतात. दोघांचंही निधन १३२५ सालचं. निजामुद्दीनांचे दुसरे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दक्षिणेत आले. त्यांची कबर आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादला आहे. त्यांना या भक्तिसंगीताची फार ओढ होती.

कव्वालीची बैठक कशी असते? पुढे मुख्य गायक आणि पेटी, जवळ ढोलक किंवा तबला, मागे साथीदार. आधी ईश्वराची स्तुती, मग पैगंबरांची, मग संतांची. एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात. मध्येच गायक दुसराच एखादा शेर गुंफतो आणि फिरून त्याच ओळीवर येतो. तेव्हा साथीदारांच्या टाळ्या अशा कडकडतात की बस्स! आपल्या भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी उचलतात, तसंच नाही का हे?

आणि हे काही परकं नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले, पण त्यांनी 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. शिवनेरीवर जाल तेव्हा पाण्याच्या टाक्याजवळची कमानी मशीद जरूर बघा. शिवरायांच्या वडिलांचं 'शहाजी' आणि काकांचं 'शरीफजी' ही नावं मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पीरांवरून ठेवली, असं परंपरा सांगते.

मात्र शाळेत कव्वाली ठेवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, डोक्यावर टोपी आणि गालाला खोटी दाढी लावून सोंग करू नका. कुणाची प्रार्थना हा फॅन्सी ड्रेस नसतो. दुसरी, आधी मित्राच्या घरी विचारा. सगळ्याच मुस्लिम घरांत सणाला गाणं-बजावणं पसंत नसतं. नको म्हणाले तर रुसायचं नाही. त्यांना आवडेल ते करू. तिसरी, ध्वनिफीत न लावता खरे गायक बोलवा. स्पिक मॅके ही संस्था १९७७ पासून शाळा-कॉलेजांत मोठमोठ्या कलावंतांना घेऊन जाते. त्यात कव्वालही असतात.

आई-बाबांनाही एक विनंती. "आपल्याला काय करायचंय त्याचं?" असं मुलांसमोर सहज निघून जातं. तेवढं एक वाक्य गिळलंत, तरी पुष्कळ झालं. मुलं आपलं आपण शिकतील.

आणि दोस्तांनो, पुढच्या ईदला क्रिकेट जरूर खेळा. पण आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मित्राला एवढं विचारा, "उद्या तुझ्या घरी काय काय असतं रे?" तो सांगू लागेल. तुम्ही थोडं सरकून बसा आणि ऐका.