चित्रदालनाचं दार उघडंच असतं

सेवाग्राम एक्सप्रेसनं मुंबईत उतरणारा वर्धेकर मंत्रालय, हायकोर्ट किंवा दवाखान्याचं काम उरकतो आणि वेळ उरला तर गेटवे बघून परततो. जाता-येता वाटेत काळा घोडा हा भाग लागतो. तिथे आणि कुलाब्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये कोणत्याही दिवशी समकालीन चित्रांची अनेक प्रदर्शनं एकाच वेळी लागलेली असतात. तरी आपल्याकडचा माणूस सहसा आत जात नाही. का गेला नाहीत म्हणून विचारलं तर जी कारणं कानावर येतात, ती बहुतेक ऐकीव असतात. तीच इथे एकेक करून तपासतो.

गैरसमज : विकत घ्यायचं असेल तरच गॅलरीत जायचं, नाहीतर हाकलतील.

खासगी गॅलरीला तिकीट नसतं. काचेचं दार बंद दिसलं तरी ते ढकलायचं किंवा बेल वाजवायची. आत कुणी उठून मागे लागत नाही. भिंतीवर चित्राशेजारी बहुधा नुसता आकडा असतो. नाव, माध्यम, आकार आणि साल छापलेला कागद टेबलावर मिळतो. किंमत त्यावर नसली तर विचारावी, सांगतात. चित्राखाली लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलं असं समजायचं. बऱ्याच गॅलऱ्या रविवारी बंद असतात, एवढं लक्षात ठेवलं तर हेलपाटा वाचतो.

चित्रं बघायला माणसं येणं ही गॅलरीचीही गरज असते. बघणारे नसतील तर चित्रकाराचं नाव होणार कसं? त्यामुळे वर्धेहून आलेला शिक्षक तिथे अर्धा तास उभा राहिला तर त्यानं कुणाची जागा अडवलेली नसते.

गैरसमज : जहांगीर म्हणजेच मुंबईची मोठी कमर्शियल गॅलरी.

इथे जरा थांबावं लागेल, कारण हा गोंधळ चित्रकलेच्या विद्यार्थ्यांमध्येही आढळतो. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. तिथे चित्रकार साधारण आठवड्याभरासाठी दालन भाड्यानं घेतो. अर्ज करून तारखेसाठी वर्षानुवर्षं वाट बघतो. फ्रेम, वाहतूक, निमंत्रणपत्रिका, राहणं-खाणं हा सगळा खर्च त्याचा. काही विकलं गेलं तर ठीक, नाहीतर चित्रांचे गठ्ठे बांधून परतीची गाडी. विदर्भातले कितीतरी चित्रकार हा सोस करतात आणि त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे.

कमर्शियल गॅलरीचं गणित वेगळं असतं. तिथे चित्रकार जागा भाड्यानं घेत नाही, गॅलरीच चित्रकार निवडते. प्रदर्शन महिना-सव्वा महिना चालतं, खर्च बहुतांशी गॅलरी करते आणि विक्रीतला मोठा वाटा, अनेकदा निम्म्यापर्यंत, स्वतः ठेवते. हा वाटा ऐकून लोक चिडतात. पण चांगली गॅलरी त्या पैशात एकाच चित्रकाराला दहा-वीस वर्षं सांभाळते, त्याचं काम संग्रहालयांपर्यंत नेते, त्याच्या कामाची नोंद ठेवते. वाईट गॅलरी यातलं काहीच करत नाही आणि वाटा तेवढाच घेते. चित्रकारानं सही करण्याआधी हा फरक ओळखायला हवा.

मुंबईतल्या या व्यवसायाची सुरुवात फ्रेमच्या दुकानातून झाली. केकू गांधी यांचा केमोल्ड हा फ्रेमचा धंदा होता आणि दुकानाच्या शोकेसमध्ये ते तरुण चित्रकारांची चित्रं लावत. 1963 साली त्यांनी आणि खोरशेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. खाली भाड्याची दालनं, वर निवड करणारी गॅलरी, असा प्रकार एकाच इमारतीत कित्येक वर्षं चालला. त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनला पंडोल गॅलरी सुरू झाली. केमोल्ड 2007 मध्ये फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडला गेली. आज एकाच चालण्यात या दोन्ही पद्धती बघता येतात. शिवाय जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे चित्रकार आहेतच.

गैरसमज : वर्धा म्हणजे चरखा आणि प्रार्थना. चित्राबित्राशी या मातीचा काय संबंध?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो आपणच आपल्याविषयी करून घेतला आहे. गांधीजी 1936 च्या एप्रिलअखेरीस सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. त्याची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवली. बांबू, गवत, माती, जे गावात मिळतं त्यातूनच सगळं करायचं होतं. पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 400 चित्रफलक तयार केले. ढोलकी वाजवणारा, सुतार, पहिलवान, कामात गढलेल्या बाया असे त्यांचे विषय. शेतकरी येता-जाता ज्या कमानींखालून जाई, तिथेच ते फलक लागले. सामान्य माणसासाठी भरलेलं इतकं मोठं चित्रप्रदर्शन त्या काळात दुसरं क्वचितच सापडेल. आज नंदलाल बोस यांची चित्रं कायद्यानं राष्ट्रीय कलानिधी आहेत, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत.

सेवाग्राम आश्रमात गेलात तर गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी हातानं उठवलेली ताडाची झाडं आणि ॐ बघा. सहलीची पोरं तिथे पळत जातात आणि भिंतीकडे कुणी बोट दाखवत नाही.

त्याहून विसरलेलं नाव देवी प्रसाद यांचं. शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार आणि कुंभार 1944 साली सेवाग्रामला आला. नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या, शाळेत कलाशिक्षक म्हणून तो 1962 पर्यंत इथे राहिला. त्यानं मुलांना चित्रं काढू दिली, भट्टी लावली, मातीची भांडी केली, फोटो काढले. खेड्यातल्या मुलांना शिकवण्याच्या या अनुभवावर त्यानं मुलांची कला आणि शिक्षण यांबद्दल हिंदीत पुस्तक लिहिलं. 2010 मध्ये दिल्लीत ललित कला अकादमीच्या दालनात त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. वर्ध्यात किती कलाशिक्षकांना हे माहीत आहे? चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या प्रत्येक मुलाला सेवाग्रामचा हा माणूस माहीत असायला हवा.

आणि वर्ध्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या नागपूरचं काय? अमूर्त चित्रांचे चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली तिथेच जन्मले. चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याआधी नागपूरच्याच कलाशाळेत शिकले.

गैरसमज : अमूर्त चित्र काय, पोरगंही काढेल.

गायतोंड्यांचंच घेऊ. ते रोलरनं रंगाचे पातळ थर देत, फाडलेल्या कागदांनी रंग दाबत, पॅलेट नाइफनं काही भाग उचलून घेत. मग थांबत. खूप थांबत. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत. अशा चित्रासमोर दोन मिनिटांत काही दिसत नाही. दहा मिनिटं उभं राहिलं तर खालचा थर वर येऊ लागतो. हे छापील फोटोत कळत नाही, मोबाइलवर तर नाहीच. त्यासाठी चित्रासमोर जावं लागतं. सगळी अमूर्त चित्रं या तोलाची नसतात आणि गॅलऱ्यांत फालतूही पुष्कळ लागतं. पण तो निवाडा बघून करावा.

गैरसमज : चित्र कोटींना गेलं म्हणजे चित्रकार कोट्यधीश झाला.

गायतोंडे 2001 साली गेले. दिल्लीत निजामुद्दीनला ते अगदी साधेपणानं राहिले. त्यांचं एक चित्र 2013 मध्ये लिलावात 23.7 कोटींना गेलं आणि 2025 मध्ये दुसरं एक 67.08 कोटींना. हे पैसे ज्याच्याकडे चित्र होतं त्या विक्रेत्याला मिळतात. गॅलरीतली विक्री ही चित्राची पहिली विक्री असते आणि चित्रकाराच्या हाती जे पडतं ते बहुतेक तेव्हाच. मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना 10 टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, अशी तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 53अ मध्ये आहे. प्रत्यक्षात ती फारशी वापरात आलेली नाही. चित्रकारांच्या संघटनांनी याचा पाठपुरावा करायला हवा.

चित्र विकत घेतलं तरी त्याचा कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो. घरच्या भिंतीवर लावा, पण दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापायचं असेल तर चित्रकाराला विचारावं लागेल. स्वतःचं व्यक्तिचित्र पैसे देऊन काढून घेतलं असेल, तर मात्र वेगळा करार नसल्यास हा हक्क चित्र काढून घेणाऱ्याचा.

गैरसमज : आपल्या ऐपतीतलं तिथे काही नसतं.

मोठ्या कॅनव्हासकडेच बघितलं तर तसं वाटतं. पण नव्या चित्रकारांची कागदावरची छोटी कामं असतात, एचिंग आणि लिनोकटची छापचित्रं असतात. छापचित्र म्हणजे झेरॉक्स नाही. चित्रकार स्वतः ठसा तयार करून ठरावीकच प्रती काढतो. खाली पेन्सिलीनं 3/25 लिहिलेलं असेल तर ती पंचविसांतली तिसरी प्रत, शेजारी सही. मूळ चित्रांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिलासोबत चित्रकाराचं नाव, साल, माध्यम आणि आकार लिहिलेलं प्रमाणपत्र मागून घ्यावं. पुष्कळ गॅलऱ्या हप्त्यानं पैसे देण्याची मुभा देतात. ती मात्र आपण होऊन विचारावी लागते.