रोलमधले बारा फोटो

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा कॅमेरा हा मोजक्या हौशी लोकांचा छंद होता. १९०० मध्ये एका डॉलरचा कोडॅक ब्राउनी आला आणि तो घराघरांत शिरला.

आपल्याकडे बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री लोकप्रिय झाला. १२० च्या रोलवर जेमतेम बारा चौकोनी फोटो! बाप्तिस्मा, नाताळ, लग्न सगळं त्यातच बसवायचं.

खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या ख्रिस्ती संस्थेने विसाव्या शतकात काम केलं. त्या काळातले तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे असे जुने फोटो अमळनेर परिसरातल्या कोणाच्या घरी असतील, तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावं, गाव आणि साल लिहून ठेवावं. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.