दहा हजारांची माफी

१९९० साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी माफ केली, तेव्हा मी वसई भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. याद्या करता करता आमचे डोळे शिणत. एका संध्याकाळी एक वृद्ध ख्रिस्ती बागायतदार कागदावर सही करून म्हणाले, ‘‘साहेब, आमच्या शुभवर्तमानातही दहा हजारांच्याच माफीची गोष्ट आहे. सवडीने वाचा.’’

मी वाचली. मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे ती. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? असे पेत्र विचारतो. येशू सत्तर गुणिले सात वेळा सांगतो आणि मग ही गोष्ट. राजाचा एक सेवक १०,००० टॅलेंटचे देणे लागत असतो. तो पाया पडून मुदत मागतो. राजाला कळवळा येतो आणि तो सगळे कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच सेवकाला १०० दिनारांचे देणे असलेला सोबती भेटतो. हा त्याची मानगूट धरतो, त्याला तुरुंगात टाकतो.

बँकवाल्याची खोड जात नाही. मी पेन्सिल घेतली. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका टॅलेंटचे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे सेवकाचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे! वर्षाला ३०० दिवस राबला तरी फेडायला दोन लाख वर्षे. सोबत्याचे देणे मात्र १०० दिवसांचे.

त्याने मागितली मुदत, मिळाली माफी. आम्ही फार तर हप्ते बांधून दिले असते! ख्रिस्ती श्रद्धेतली देवाची दया ही अशी आहे, मागणाऱ्याच्या मापाने न मोजलेली. पण कर्ज माफ झाले म्हणून नुकसान हवेत विरत नाही. ते कुणीतरी सोसतेच. आमच्याकडे ते सरकारी तिजोरीने सोसले. क्रुसावर ते देवाने स्वतः सोसले, असे ख्रिस्ती माणूस मानतो. आणि गोष्टीचा शेवट कडक आहे. मिळालेली दया सेवकाने पुढे दिली नाही, म्हणून राजाने त्याचे कर्ज पुन्हा उभे केले.

तिथे मी अडखळलो. १९८४ साली, नवखा असताना, माझ्या काउंटरला १,२०० रुपये कमी आले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ते गुपचूप स्वतःच्या खिशातून भरले. पुढे मी परत करायला गेलो, तर त्यांनी हसून माझा हात मागे सारला. आणि इकडे ३,००० रुपये परत केले नाहीत म्हणून मी सख्ख्या धाकट्या भावाशी चार वर्षे बोलत नव्हतो. दिवाळीलाही नाही.

गोष्ट वाचून लगेच गेलो, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. आणखी दोन वर्षे गेली. मग एका रविवारी त्याच्या दारात उभा राहिलो. दार उघडून तो म्हणाला, ‘‘दादा, पैसे अजून जमले नाहीत.’’

सहा वर्षांनी भेटलेल्या भावाचे हे पहिले वाक्य! माझ्या खतावणीत तो भाऊ उरलाच नव्हता, नुसता कर्जदार झाला होता. वाटेत बरेच काही जुळवून ठेवले होते, त्यातले काही सुचले नाही. ‘‘चहा टाक,’’ एवढेच म्हणालो आणि आत जाऊन बसलो.